गाडी बंद पडली काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड किल्ल्यावर गाडी जाते. गारगोटी या तालुक्याच्या गावापासून अंतर दहा-बारा किलोमीटर, पेठशिवापूरपर्यंत रस्ता आणि तिथून पुढं गाडी थेट गडावर. भैरवनाथाला नारळ फोडायला निघालेलं कुटुंब सकाळी आंघोळ उरकून बाहेर पडलं, तर बायकांचे केस वाळायच्या आत देवापुढं उभं राहतं. अशा किल्ल्यावर रविवारी पहाटे उठून, पाठीला सॅक लावून, मुद्दाम चालत जाणाऱ्या मंडळींना काय म्हणायचं याबद्दल तालुक्यात दोन मतं आहेत. मंडळी स्वतःला ट्रेकर म्हणवतात. दुसरं मत छापण्याजोगं नाही.

तरी मंडळी जातात. डोंगरात गटागटानं हिंडणं ही एकेकाळी मुंबई-पुण्याची मिरासदारी होती. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेनं २०१२ मध्ये एव्हरेस्टवर मोहीम नेली. मुलुंडच्या मंडळींनी तर आपल्या संस्थेचं नावच ‘चक्रम हायकर्स’ ठेवून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कष्ट वाचवले. पुढं मे २०२२ मध्ये कोल्हापूरची कस्तुरी सावेकर एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली आणि जिल्ह्यातल्या आईबापांना आपल्या पोरांच्या या खुळाकडं जरा सांभाळून बघावं लागलं. आता तालुक्याच्या गावीही एखादा ग्रुप असतोच. त्याच्या नावात ‘सह्याद्री’, ‘भटके’ किंवा ‘मावळे’ यांपैकी एक शब्द असावा लागतो. तिन्ही असले तर ग्रुप नुकताच फुटून नवा झालाय असं समजावं.

गारगोटीच्या अशा कुठल्याही ग्रुपात सरांची संख्या जास्त. त्याला इतिहास आहे. १९५२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ डॉ. जे. पी. नाईकांनी इथं मौनी विद्यापीठ उभं केलं आणि तेव्हापासून हे गाव शिकवणाऱ्यांचं झालं. चहाच्या टपरीवर ‘ओ सर’ अशी हाक मारली की निम्मी टपरी वळून बघते. उरलेल्या निम्म्यात एक मेडिकलवाला, एक दूध संस्थेचा सेक्रेटरी, बँकेतले दोघेतिघे, वजन कमी करायला डॉक्टरांनी सांगितलेलं एक जोडपं आणि एक विमा एजंट. हा एजंट ग्रुपला फार उपयोगी. कड्याच्या टोकावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांपैकी कुणाचा हप्ता थकलाय हे त्याला तोंडपाठ असतं आणि तो ते नेमकं तिथंच मोठ्यानं सांगतो.

मोहिमेची सुरुवात शनिवारी रात्री मोबाइलवर होते. ‘उद्या भुदरगड. कोण कोण?’ असा प्रश्न पडतो आणि अंगठ्यांचा पाऊस सुरू होतो. या अंगठ्याचा अर्थ ‘मी येतो’ असा नाही, ‘तुम्ही जावा, माझी हरकत नाही’ असा आहे. पहाटे अंगठ्यांच्या निम्मी माणसं येतात. ‘साडेपाच म्हणजे साडेपाच’ हे वाक्य म्होरक्यानं तीनदा टाकलेलं असतं. साडेपाचला एसटी स्टँडसमोर म्होरक्या, एक कुत्रं आणि लांबच्या वाडीवरून मोटारसायकलनं आलेला एक सज्जन एवढेच हजर असतात. जो जितका जवळ राहतो तो तितका उशिरा येतो. स्टँडच्या मागच्या गल्लीतल्याला फोन लावला की तो ‘हे काय, निघालोच’ म्हणतो आणि पाठीमागून आंघोळीच्या बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतो.

मग कागदपत्रं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करावी, सुरक्षेचे नियम पाळावेत असं त्यात सांगितलं. दऱ्याखोऱ्यांत होणारे अपघात बघता ते गरजेचंच होतं. भुदरगडाच्या रविवारच्या फेरीला त्याचा कितपत संबंध येतो हा वादाचा मुद्दा. पण म्होरक्या सरकारी नोकर असल्यानं त्याला कागद लागतोच. तो एक हमीपत्र छापून आणतो. ‘मी स्वखुशीने जात असून काही बरेवाईट झाल्यास’ इथपर्यंत वाचून वजन कमी करायला आलेल्या नवऱ्यानं बायकोकडं बघितलं की ती म्हणते, “सही करा हो गुमान, स्वखुशी कुणाची ते मला म्हाईत हाय.”

आता मूळ प्रश्न, चालायला सुरुवात कुठून करायची. यावर ग्रुपात तीन पंथ आहेत. कट्टर पंथ म्हणतो, गारगोटीतून, नाहीतर ट्रेक कसला? मध्यममार्गी म्हणतात, डांबरीवर चालून गुडघे झिजवण्यात काय शहाणपण, पायथ्यापर्यंत जीपनं जाऊ. तिसरा पंथ फारसं बोलत नाही. त्यांचं म्हणणं, गडावरच जीपनं जाऊ आणि वर गेल्यावर भरपूर चालू. दरवेळी अर्धा तास वाद होतो आणि दरवेळी कट्टर पंथ जिंकतो. कारण जीप सांगायची जबाबदारी ज्याच्यावर होती तो आलेलाच नसतो.

सॅकच्या आत काय असतं हे बघायचं असेल तर ती उचलून बघावी. नवख्याची सॅक जड असते. त्यात दोर, टॉर्च, शिट्टी, चाकू, होकायंत्र आणि तीन लिटर पाणी. जुन्याच्या सॅकेत धपाटी, ठेचा, दह्याचा डबा आणि दुसऱ्याच्या पाण्यावरचा विश्वास. बुटांचंही तसंच. बँकेतल्या पोरांचे ऑनलाइन मागवलेले, घोट्यापर्यंतचे, तळव्याला खोल खाचा असलेले बूट चिखलाची वाट बघत असतात. साठी उलटलेले एक सर मात्र कोल्हापुरी पायताणावर येतात. या पायताणाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता हे पादत्राण नव्हे, वारसा आहे, असं त्यांचं म्हणणं. चामड्याचा तो गुळगुळीत तळ सुकलेल्या गवतावर घसरतो हे खरंच. अशा ठिकाणी सर वारसा हातात धरून अनवाणी चढतात.

गारगोटीबाहेर पडलं की दिवाळीनंतरच्या दिवसांत रस्त्यावर उसाचं राज्य असतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडं निघालेले असतात आणि त्यावरची गाणी ट्रॅक्टरच्या आधी पोचतात. ट्रॉली शेजारून जाताना ग्रुपातल्या जबाबदार, पेन्शनपात्र, घरचा पाच एकर ऊस असलेल्या माणसाचाही हात आपोआप वर जातो आणि एक कांडं उपसलं जातं. वर्गात मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्यानं ते गुडघ्यावर मोडून सगळ्यांना सारखं वाटून दिलं की प्रकरण नैतिक होतं.

भुदरगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३२०० फूट. हा आकडा फोटोखाली टाकायला फार उपयोगी पडतो. मात्र भुदरगड चढायला आजवर कुणी समुद्रापासून सुरुवात केलेली नाही. गारगोटीच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास वसली आहे. म्हणजे ग्रुपातल्या प्रत्येकानं रात्री झोपेत, अंथरुणातूनच, निम्म्याहून जास्त किल्ला सर केलेला असतो. उरलेल्या बाराशे-तेराशे फुटांसाठी एवढा खटाटोप. पण ‘बाराशे फूट’ असं लिहिलं तर अंगठे येत नाहीत.

वेळेचं गणितही बघण्यासारखं आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला. दर तीन मैलांना एक तास धरा आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी जगभरचे डोंगरवाले वेळेचा अंदाज बांधायला हाच नियम वापरतात. त्या हिशेबानं गारगोटीतून भुदरगडाचा माथा तीन तासांत यायला हवा. ग्रुपला पाच लागतात. नेस्मिथची चूक नाही. त्यानं धडधाकट माणूस धरला होता, मधल्या विश्रांतीचा वेळ धरला नव्हता आणि भडंग हा पदार्थ त्याच्या बघण्यात आलेला नव्हता. एकानं वाटेत भडंगाची पुडी फोडली की चालती रांग आपोआप गोल होते. त्यात कुणीतरी कांदा चिरतं, कुणाच्या तरी पिशवीतून लिंबू निघतं. ‘पाच मिनिटं’ म्हणून बसलेली मंडळी तालुक्याच्या राजकारणावर येतात. गोकुळ दूध संघ, बिद्रीचा साखर कारखाना आणि झेडपी एवढे तीन विषय संपल्याशिवाय कुणी उठत नाही.

अंतराचा वाद वेगळाच. एकाच वाटेनं, एकाच वेळी चाललेल्या दहा माणसांच्या दहा मोबाइलवर दहा आकडे असतात. कुणाचं दहा किलोमीटर, कुणाचं बारा. यात गूढ काही नाही. मोबाइल पावलं मोजतो आणि पावलाची लांबी अंदाजानं धरतो. उपग्रहाचा ठिपकाही झाडीत, कड्याच्या आडोशाला थोडा इकडंतिकडं हलतो आणि ते हलणंही अंतरात जमा होतं. बुटका माणूस नेहमी जास्त चाललेला निघतो. खरा आकडा कुठला यावर एकमत होत नाही, पण सगळ्यात मोठा आकडा फोटोखाली टाकायचा यावर होतं.

चढ लागला की ग्रुपचे आपोआप तीन तुकडे पडतात. पुढं पोरं. ती पळत चढतात, वर जाऊन बसतात आणि मागचे आले की ‘चला’ म्हणून उठतात. त्यामुळं ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना भरपूर मिळते आणि ज्यांना आहे त्यांना अजिबात नाही. हा अन्याय जगातल्या प्रत्येक डोंगरावर चालतो. मध्ये फोटोवाले. सगळ्यात मागं वजनवालं जोडपं, त्यांच्याबरोबर माणुसकी म्हणून थांबलेला मेडिकलवाला, आणि माणुसकीच्या नावाखाली स्वतःचा दम लपवणारे आणखी चौघे.

या भागात म्होरक्याचं खरं कसब दिसतं. ‘अजून किती?’ या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असतं, ‘हे काय, दहा मिनिटं.’ पायथ्याशी दहा मिनिटं, निम्म्यात दहा मिनिटं, दरवाजा दिसायला लागला तरी दहा मिनिटं. शाळेत हाच माणूस पोरांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. पण डोंगरावर खरं उत्तर दिलं तर लोक खाली बसतात आणि बसलेला माणूस उठवणं हे चढण्यापेक्षा अवघड, हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं.

चढावर बोलण्याचं एक शास्त्र आहे. व्यायाम किती जोराचा चाललाय हे ठरवायला डॉक्टर मंडळी एक सोपी कसोटी सांगतात. चालता चालता गाणं म्हणता आलं तर श्रम हलके. गाणं जमत नाही पण बोलता येतं, तर मध्यम. दोनचार शब्दांवर दम लागला तर जोराचे. आता गप्प राहण्याचं म्हणाल, तर या तालुक्याचं मोठं दैवत म्हणजे पाटगावचे मौनी महाराज. दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्याआधी शिवाजी महाराज त्यांच्या भेटीला गेले होते. त्यांचंच नाव विद्यापीठाला आहे आणि त्यांचाच तालुका चढावर गप्प राहायला तयार नसतो. इतिहासाचे सर पायथ्यापासून दुसऱ्या भोजाबद्दल बोलत असतात. शिलाहारांच्या या राजानं भुदरगड बांधला असं मानतात. पहिल्या वळणाला भोज पूर्ण वाक्यात येतो, दुसऱ्या वळणाला तुटक, आणि शेवटच्या उभ्या चढावर सर नुसतं बोट दाखवतात. तेवढे दोनशे फूट मौनी महाराजांचे.

पेठशिवापुरात पोचल्यावर एक संवाद ठरलेला असतो. माणसं बदलतात, संवाद तोच. अंगणात नाचणी वाळत घातलेली, कट्ट्यावर आजी बसलेल्या.

“कुठलं पावणं?”

“गारगोटीचं, आजी.”

“गाडी बंद पडली काय?”

“न्हाई. चालत आलोय.”

“का ओ? येष्टी आली न्हाई व्हय आज?”

इथं सरांपैकी कुणीतरी पुढं होऊन चालण्याचं महत्त्व, हृदयविकार, निसर्ग आणि गडसंवर्धन हे चार मुद्दे सोप्या भाषेत समजावून सांगतो. आजी शांतपणे ऐकून घेतात.

“मी बी जातो की चालत खाली. पर काम असलं म्हंजे.” मग घराकडं तोंड करून, “अगं ए, ह्यास्नी पाणी आण. चालत आल्यात बिचारी.”

या ‘बिचारी’वर काही इलाज नाही. बँकेतल्या पोराच्या पायात हजारो रुपयांचे बूट असतात, मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ असतं आणि त्याच्या हातात आजींच्या सुनेनं दिलेला पाण्याचा तांब्या असतो. पाणी पिऊन होतंय तोवर दुधाचा कॅन लावलेली मोटारसायकल शेजारून भुर्रकन वर जाते आणि चालवणारा ओरडून विचारतो, “सोडू काय एखाद्याला?” ग्रुपची सगळ्यात मोठी परीक्षा ही. कट्टर पंथातले लोक लगेच नकार देतात, पण नकार देताना मोटारसायकल किती लांब गेली हे वळून बघतात.

गडावर पोचल्यावर पहिलं दर्शन होतं ते पार्किंगचं. तिथं न दमलेली, पावडर न ओघळलेली, ताज्या कपड्यांतली माणसं गाडीतून उतरत असतात. त्यातलं एखादं ओळखीचं निघतंच, तालुका लहान. “अरे सर, तुम्ही? चालत? सांगायचं न्हाई का, आमच्या गाडीत दोन जागा मोकळ्या होत्या की.” हे ऐकून वजनवाल्या नवऱ्याचा चेहरा जसा होतो त्याचं वर्णन करण्याचं धाडस इथं करत नाही. इतकंच सांगता येईल की हमीपत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

गड मात्र खरोखर बघण्यासारखा आहे, हे चेष्टा बाजूला ठेवून सांगायला हवं. वर मोठं पठार, त्यावर भला थोरला दूधसागर तलाव, भैरवनाथाचं देऊळ, तटाचे उरलेसुरले भाग. माघात भैरवनाथाची यात्रा भरते तेव्हा तालुक्यातली हजारो माणसं इथं येतात. त्यात चालत येणारेही असतात, पण ते स्वतःला ट्रेकर म्हणवत नाहीत, फोटोखाली फूट लिहीत नाहीत आणि त्यांना कुणी ‘का ओ?’ असं विचारत नाही. देवाला जाणाऱ्याला कारण विचारायची पद्धत नाही. ग्रुपातल्या काही चतुर लोकांनी हे हेरलंय. ते सॅकेत एक नारळ ठेवतात.

दम परत आला की इतिहासाचे सर बुरुजावर चढतात. इतका वेळ तुंबलेला भोज तिथं मोकळा होतो. मग १६६७ येतं, शिवाजी महाराजांनी केलेली डागडुजी येते, मोगल येतात आणि जातात. पण सरांचा खरा जीव १८४४ मध्ये. कोल्हापूर संस्थानात दाजी कृष्ण पंडित या इंग्रजांच्या पसंतीच्या कारभाऱ्यानं गडकऱ्यांच्या जमिनी मामलतदारांच्या अखत्यारीत आणल्या. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांना हे सोसलं नाही. सामानगडावर उठाव झाला आणि भुदरगडानंही दरवाजे लावून घेतले. इंग्रजांना तोफा घेऊन यावं लागलं. उठाव मोडल्यावर पुन्हा कुणाला दरवाजा लावायची संधीच मिळू नये म्हणून त्यांनी तटबंदी पाडून टाकली. आज गडावर दिसणारी पडझड काळानं केली असं आपण म्हणतो, पण त्यात काळापेक्षा सरकारी हुकमाचा वाटा मोठा आहे.

हे सांगताना सरांचा आवाज चढतो. श्रोत्यांचे डोळे त्यांच्यावर असतात आणि हात डब्यांच्या झाकणांवर. एक तरुण मध्येच विचारतो, “सर, मग युनेस्कोत आपला गड का न्हाई?” प्रश्न वर्मी लागतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. जिल्ह्यातून पन्हाळा एकटा. भुदरगडच्या माणसाला पन्हाळ्याचा अभिमान आहेच, पण पाहुण्यांच्या पंगतीत धाकट्या भावाला ताट न मिळाल्यावर वाटावं तसं त्याला थोडं वाटतं. “पन्हाळ्यावर हॉटेलं हैत,” असा निष्कर्ष काढून विषय जेवणाकडं वळतो.

जेवणाबद्दल लिहायचं तर स्वतंत्र लेख होईल. ज्यांनी वजनासाठी डोंगर चढला त्यांच्याकडं सगळ्यात मोठा डबा असतो एवढंच नोंदवून ठेवू. धपाट्याबरोबर दही, दह्याबरोबर ठेचा, ठेच्याबरोबर आणखी धपाटं. घड्याळवाला पोरगा मनगटाकडं बघून आज आठशे कॅलरी जळाल्याचं जाहीर करतो. मेडिकलवाला डब्यांकडं बघून मनातल्या मनात हिशेब करतो आणि काही बोलत नाही. दुकान चालायचं तर गप्प राहणं बरं.

उतरणीला लोक सोपं समजतात, आणि फसतात. चढताना दम जातो, उतरताना पाय. खाली पाऊल टाकताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा सगळा भार पेलत असतो आणि या उलट्या कामात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होतात. गंमत अशी की त्या दिवशी काहीच कळत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. त्यामुळं रविवारी संध्याकाळी स्टँडवर चहा पिताना सगळे वाघ असतात. याच वेळी, याच चहावर, पुढच्या मोहिमेची घोषणा होते. मंगळवारी हे लोक शाळेच्या जिन्यावरून कठडा धरून आडवे आडवे उतरतात. पोरांना कारण माहीत असतं. पोरं मुद्दाम वरच्या मजल्यावरून ‘सर, एक मिनिट’ म्हणून हाक मारतात.

स्टँडवर जाहीर होणारी मोहीम बहुतेक वेळा रांगण्याची असते. रांगणा म्हणजे प्रसिद्धगड. भुदरगडावर गाडी जाते हा टोमणा ज्यांना लागलाय त्यांच्यासाठी हे उत्तर. तालुक्याच्या पार टोकाला, कोकणात डोकावणाऱ्या कड्यावर, पाटगावच्या पुढं जंगलातून जावं लागतं. १६६७ मध्ये आदिलशाहीच्या बाजूनं बहलोलखान आणि व्यंकोजीराजांनी याला वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज स्वतः येऊन वेढा मोडून गेले. पुढं पन्हाळा सोडावा लागला तेव्हा ताराराणींनी याच किल्ल्याचा आसरा घेतला होता. चिकेवाडीकडून येणाऱ्याला गडावर जायला आधी खिंडीत उतरावं लागतं. ‘उतरून जायचा किल्ला’ म्हटल्यावर वजनवालं जोडपं हमखास नाव देतं. परत येताना तीच खिंड चढायची असते, हे म्होरक्या सांगत नाही. विचारलं तर दहा मिनिटं म्हणतो.

पावसाळ्यात त्या जंगलात जळवा असतात. त्यांच्यावरचा इलाज म्हणून शहरातले लोक महागडे स्प्रे आणि गुडघ्यापर्यंतचे खास मोजे आणतात. या भागातल्या माणसाला त्याची गरज नाही, शेजारीच निपाणीचा तंबाखूचा मुलूख आहे. पाण्यात भिजवलेली तंबाखू मोज्यांना चोळली की जळू लांब राहते असं जुनी माणसं सांगतात. त्यामुळं एरवी लपूनछपून तंबाखू खाणाऱ्या दोघातिघांना त्या दिवशी राजमान्यता मिळते. ग्रुपसाठी आणलेली सगळी पुडी मोज्यांपर्यंत पोचते असं मात्र नाही.

तुम्ही जाणार असाल तर थोडं सांगून ठेवतो. रांगण्याला पाणी स्वतःचं न्या, दुसऱ्याच्या सॅकेवर विसंबू नका. मोहोळं दिसली तर त्यांच्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको, मधमाश्यांना ट्रेकर आणि चोर यांतला फरक कळत नाही. प्लॅस्टिक खाली आणा. आणि पाटगावला ‘मधाचं गाव’ म्हणून ओळख मिळालीय, तिथला मध जरूर घ्या, पण परतताना घ्या. जाताना घेतलेली बाटली सॅकेत फुटली तर मुंग्या गारगोटीपर्यंत सोबत येतात, आणि त्या हमीपत्रावर सही करत नाहीत.